प्रकल्प जपान: पावस ते नारा, मोहोर यायच्या आत

२६ मे २०२४, रविवार

शेवटचा माल आज कॅनिंगला गेला. आता पाऊस पडेपर्यंत बागेत आवराआवर सोडली तर फार काही नाही, म्हणून ठरवलं की जपानच्या सहलीचं जे काय करायचंय ते आजपासून वहीत तारीख घालून लिहायचं, नाहीतर दरवर्षी मे महिन्यात बोलतो आणि गणपतीपर्यंत विसरतो.

जपानच का, ते आधी लिहून ठेवते. आपल्या आंब्याला जपानात जवळजवळ वीस वर्षं बंदी होती, फळमाशीमुळे. ती २००६ साली उठली आणि पुढच्या सिझनला एका व्यापाऱ्याने आमच्या पावस गावच्या (रत्नागिरीजवळ) कलमांवरचा थोडा माल निवडून जपानच्या लॉटसाठी नेला. एकेक फळ हातात घेऊन बघत होता तो माणूस, डाग नको, चीक नको, वजन एकसारखं हवं. नंतर कळलं की तिकडे पाठवायच्या आधी आंबा बाष्पाच्या खोलीत ठेवतात, गराच्या आतपर्यंत ४७.५ डिग्री तापमान गेलं पाहिजे आणि ते २० मिनिटं तसंच राहिलं पाहिजे, म्हणजे माशीची अंडी अळ्या मरतात, आणि ते बघायला जपानचे इन्स्पेक्टर सिझनला इकडे येतात. पेट्या गाडीत चढवल्या तेव्हा मी ह्यांना म्हणलं, अहो आपला आंबा चालला जपानला, आपण कधी जायचं? तेव्हापासून ते डोक्यात आहे. मुलांची शिक्षणं झाली, सासऱ्यांचं आजारपण झालं, मधे फयान आणि तौक्ते दोन्ही वादळांनी कलमं पाडली. आता नाही तर कधी.

१६ जून

तारखा. सगळे म्हणतात जपान म्हणजे साकुरा, चेरीची फुलं, मार्चअखेर ते एप्रिल. आमच्यासाठी तो महिना नाहीच, तेव्हा झेला (आंबा काढायची जाळीची काठी) हातात असतो आणि दिवसाला गाडी भरायची असते. बागायतदाराला बाहेर पडायला दोनच फटी, एक पावसात आणि दुसरी दिवाळी झाल्यावर मोहोर यायच्या आत. पावसाळ्यात तिकडे टायफून आणि उकाडा, मग राहिला नोव्हेंबर. पानं लाल व्हायला लागतात तेव्हा, आणि दुसरं म्हणजे काकीचा सिझन. काकी म्हणजे ते टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ, आपल्याकडे मोठ्या शहरात मिळतं, त्याला पर्सिमॉन म्हणतात. ह्यांना देवळं किती बघायची त्यात रस नाही, फळबाग दाखव म्हणाले, एक तरी. मला मासळीबाजार. आमचं माहेर हर्णैचं, त्यामुळे ते आलंच. बाकी जे दिसेल ते दिसेल.

भाऊबीज ३ नोव्हेंबरला आहे. ७ ला निघायचं, १७ ला परत. गुरखे दिवाळीनंतर बागेत येतात, ते आले की राखणीची काळजी नाही, आणि फवारणीच्या आत घरी.

१४ जुलै

पाऊस नुसता कोसळतोय, कल्टार (झाड वेळेवर मोहोरावं म्हणून देतात ते औषध) घालायची कामं पावसाच्या उघडिपीत चाललीत. संध्याकाळी लॅपटॉप घेऊन बसते.

दोन टूरवाल्यांची पॅकेजेस मागवली. सकाळी सातला बस, दिवसात पाच ठिकाणं, रात्री इंडियन जेवण. फळबाग कुठेच नाही, आणि विचारलं तर म्हणाले ग्रुपमध्ये जमणार नाही. शिवाय परदेशच्या पॅकेजवर या वर्षी, म्हणजे २०२४ ला, ७ लाखापर्यंत ५ टक्के टीसीएस (टूरवाले आधीच घेतात तो कर) आणि त्याच्या वर गेलं तर २० टक्के, तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो हे खरं पण पैसे अडकतातच. विमान आणि हॉटेलं स्वतः वेगवेगळी बुक केली तर तो प्रश्न येत नाही. आम्ही स्वतःच करायचं ठरवलं. पुण्याचा मुलगा म्हणाला आई तुम्हाला जमेल, फक्त ट्रेनचं नीट बघ.

ट्रेनचं बघितलं. सगळे सांगतात रेल्वेपास काढा, पण तो सल्ला आता जुना झालाय. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० येन केला त्यांनी. टोकियो ते क्योटो एका बाजूचं तिकीट १४ हजार येनच्या आसपास पडतं, आणि आम्ही परतीचं विमान ओसाकाहून घेणार, म्हणजे तो प्रवास एकदाच. सुटी तिकिटंच स्वस्त. १०० येन म्हणजे सध्या ५२-५३ रुपये, येन खूप पडलाय, आमच्या दृष्टीने चांगलंच. विमान सिंगापूरमार्गे घेतलं, जाताना टोकियो, येताना ओसाका.

१ सप्टेंबर

गणपती तोंडावर आलेत, म्हणून थोडक्यात. ह्यांच्या बीपीच्या गोळ्या एक महिन्यापुरत्याच न्यायच्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घेतली. सर्दीची काही औषधं तिकडे चालत नाहीत, स्यूडोएफेड्रिन जास्त असलेली तर नाहीच, घरातला सर्दीच्या गोळ्यांचा डबा बाजूला ठेवला. बूट असे घ्यायचे की पटकन काढता घालता येतील. थंडीचे कपडे रत्नागिरीत काय मिळणार, ते मुलगा पुण्याहून गणपतीला येताना आणेल.

२३ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन झालं, पाहुणे गेले, आणि जनशताब्दीने मुंबईला जाऊन व्हिसाचे कागद देऊन आलो.

हे जरा सविस्तर लिहिते कारण शेतकऱ्याला इथेच भीती वाटते. नोकरीवाल्यांना कंपनीचं पत्र असतं, आपल्याकडे काय? शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे नुसती बाग असलेल्या कितीतरी जणांचे रिटर्नच नसतात. आमचा आंबापोळी आणि रसाच्या डब्यांचा छोटा धंदा आहे, त्याचे रिटर्न होते, ते लावले. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आणि त्यात मे महिन्यात एकदम मोठी रक्कम आलेली दिसते, पुढे मागे काहीच नाही, तर त्याचं कारण कव्हरिंग लेटरमध्ये सरळ लिहिलं की आम्ही आंबा बागायतदार आहोत, पैसा वर्षातून एकदाच येतो, सोबत सातबारा आणि त्याचं इंग्रजी भाषांतर. रोजचा कार्यक्रम तारखेनिशी टाइप करून, कुठे राहणार, कुठून कुठे कशाने जाणार. काउंटरवरच्या मुलीने सातबारा उलटसुलट करून बघितला, हे काय विचारलं, मी सांगितलं जमीन आमची आहे त्याचा उतारा, परत येणार त्याचा ह्याहून मोठा पुरावा कुठला. तिने ठेवून घेतला.

या वर्षी एप्रिलपासून भारतीयांना ई-व्हिसा मिळतो. पासपोर्टवर काही चिकटत नाही.

१९ ऑक्टोबर

व्हिसा आलाय! हे दुपारी बागेतून आले तर मी पडवीतच उभी होते फोन घेऊन.

यातली एक गोष्ट महत्त्वाची. विमानतळावर तो व्हिसा फोनमध्ये इंटरनेट चालू ठेवून त्यांच्या साइटवरच उघडून दाखवावा लागतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही. म्हणून ई-सिम इथूनच घालून न्यायचं.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला जाहीर झालं, आम्ही १७ ला परत, चुकणार नाही.

खाऊ काय न्यायचा त्यावर दोन दिवस चर्चा झाली. ताजं फळ रोपटं बी काही नेता येत नाही, सर्टिफिकेट लागतं. पण सुकवलेल्या आंब्याला त्यांच्या यादीत सूट आहे, मी स्वतः वाचून काढलं, त्यामुळे आंबापोळी. आमसुलं ठेवून दिली कारण कोकम त्या यादीत दिसलं नाही. मेमध्ये परातीत वाळवलेली पोळी, तुकडे कापून छोट्या छोट्या पुड्या केल्या, वर आमच्या बागेचं लेबल लावलं. कोणाला द्यायच्या ते तिकडे गेल्यावर बघू, पण हात हलवत जायचं नाही.

७ नोव्हेंबर, मुंबई विमानतळ

सामान चेक-इन झालं. फोनवर बातमी आहे की फुजी डोंगरावर आज या हंगामातला पहिला बर्फ दिसला, आणि १८९४ पासून नोंदी ठेवतात त्यात इतका उशीर कधीच झाला नव्हता, याआधी सगळ्यात उशिरा म्हणजे २६ ऑक्टोबर होतं. हे लगेच म्हणाले, बघ, तिकडे पण थंडी उशिरा, आपला मोहोर उशिरा. ऑक्टोबरचा पाऊस लांबला, कलमांना अजून पालवी सुटतेय, तो विषय विमानात बसेपर्यंत चालू होता.

९ नोव्हेंबर, टोकियो

आज तोयोसूचा बाजार. पहाटे साडेपाचला ट्यूनाचा लिलाव सुरू होतो, म्हणून हॉटेलच त्या बाजूला घेतलं होतं. खालच्या जवळच्या गॅलरीसाठी सोडत असते, त्यात आमचा नंबर लागला नाही, वरच्या काचेच्या गॅलरीतून मात्र कोणालाही फुकट बघता येतं. जुना त्सुकिजीचा बाजार १९३५ सालचा, तो २०१८ मध्ये बंद करून ह्या नव्या इमारतीत आणला.

खाली हिरव्या जमिनीवर मासे ओळीने झोपवलेले, प्रत्येकाच्या शेपटीकडचा तुकडा कापून मांस उघडं ठेवलेलं. घेणारे टॉर्च मारून त्या कापात बघतात, चिमटीत जरासं मांस घेऊन बोटाने चोळून बघतात, तेल किती सुटतं ते. मग घंटा वाजते, लिलाव करणारा अंगात आल्यासारखा डोलत ओरडतो आणि घेणारे नुसती बोटं वर करतात. एका माशाला काही सेकंद. मी काचेला नाक लावून उभी होते. हर्णैच्या किनाऱ्यावर आमची आई पाटी घेऊन लिलावात उभी राहायची, होड्यांतून माल बैलगाडीने वाळूवर यायचा, ढीग पडला की बाया पहिल्या पुढे, बोली बायांचीच, पैसे पण कमरेच्या पिशवीतून त्याच मोजायच्या. इथे अख्ख्या हॉलमध्ये मला बाई दिसली नाही. मासा पारखायची बोटं मात्र तीच, आई पण सुरमईचं पोट असंच दाबून बघायची, कल्ला उचलून लाली बघायची. मला तिची फार आठवण आली. ह्यांना काही बोलले नाही, पण त्यांना कळलं, कारण खाली उतरल्यावर म्हणाले, चल आधी गरम काहीतरी खाऊ.

भाजलेला बांगडा, भात आणि सूप घेतलं. सूपाला पण सुक्या माशाचा आणि समुद्री शेवाळाचा अर्क असतो. मासे खाणाऱ्याला इथे काहीच अडत नाही.

१० नोव्हेंबर

निहोनबाशीला फळांचं एक दुकान आहे, सेंबिकिया, १८३४ पासूनचं. हे तिथे तासभर होते. एक खरबूज वीस हजार येनच्या वर. एका वेलावर एकच फळ ठेवतात, बाकीची लहानपणीच काढून टाकतात, आणि देठ टी आकारात ठेवून कापतात. देठ बघून फळ किती ताजं ते कळतं. हे म्हणाले आपण पण देठ ठेवूनच काढतो की, चीक सांडू नये म्हणून. आंबा आत्ता नव्हता, मियाझाकीचा, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडचा, आंबा एप्रिलपासून येतो. त्याच्याबद्दल आम्ही घरीच वाचून आलो होतो. ‘तायो नो तामागो’ हे नाव मिळायला फळ किमान ३५० ग्रॅमचं आणि गोडी १५ डिग्री तरी लागते, २०१९ ला त्याची एक जोडी लिलावात ५ लाख येनला गेली. पण ह्यांच्या डोक्यात किमतीपेक्षा दुसरं बसलंय, ते लोक आंबा तोडतच नाहीत, प्रत्येक फळाला जाळी बांधतात आणि पूर्ण पिकला की तो आपोआप देठातून सुटून जाळीत पडतो. आपण ८०-८५ टक्के तयार झाला की झेल्याने काढतो आणि आढीत, पेंढ्यात रचून, पिकवतो.

११ नोव्हेंबर, टोकियो ते क्योटो

मोठ्या बॅगा हॉटेलमधूनच कुरियरने पुढे पाठवल्या, दुसऱ्या दिवशी क्योटोच्या हॉटेलात पोचतात. तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर शिंकान्सेनमध्ये (त्यांची बुलेट ट्रेन) बॅगेसाठी वेगळी जागा आधी राखून ठेवावी लागते, त्यापेक्षा हे बरं. सीट उजवीकडची ई घेतली, फुजी त्याच बाजूला दिसतो. निघाल्यावर पाऊणएक तासाने दिसला, ढग होते पण टोक मोकळं होतं, वर जेमतेम बर्फाची रेघ. दोघंही उभे राहिलो.

ही गाडी १९६४ च्या ऑक्टोबरपासून धावतेय. आमच्या लग्नाचं वऱ्हाड एसटीने गेलं, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला. करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यातून पहिल्यांदा गेलो तेव्हा डब्यात सगळे गप्प बसले होते, ते आज दोघांना एकदमच आठवलं.

१३ नोव्हेंबर, क्योटो

झाडं अजून बरीचशी हिरवी, काही ठिकाणीच शेंड्याला लाल. या वर्षी सगळंच उशिरा. मला वाईट वाटलं नाही, आम्ही पानांसाठी आलोच नव्हतो. स्वच्छता, शिस्त, वेळ यावर सगळ्यांनी लिहिलंय, ते खरं आहे, मी परत लिहीत नाही.

निशिकी बाजारात शिरल्यावर सुक्या मासळीचा वास आला आणि मी थांबलेच. बारीक उकडून वाळवलेले मासे ढीग करून ठेवलेले, वाटीने मापून देतात. दुकानातल्या आजींनी हातावर ठेवले, मी तसेच चघळले, त्या हसल्या. त्यांना आंबापोळीची पुडी दिली. त्यांनी फोनवर भाषांतर वाचलं, एक तुकडा तोंडात टाकला आणि पुडी पदरात घ्यावी तशी एप्रनच्या खिशात ठेवली.

क्योटोला समुद्र नाही. पूर्वी वाकासाच्या किनाऱ्यावरून बांगडा मीठ लावून माणसं पाठीवरून डोंगर ओलांडून आणायची, त्या वाटेला अजून बांगड्याची वाट म्हणतात. इथे येईपर्यंत मीठ बरोबर मुरलेलं असायचं. आमच्याकडची खारी मासळी पण अशीच घाटावर जायची.

१४ नोव्हेंबर, नारा आणि गोजो

सकाळी तोदाइजीचा मोठा बुद्ध. ७५२ साली त्याचे डोळे उघडायचा विधी झाला तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून. तो ७३६ मध्ये इथे पोचला होता, आणि परत गेलाच नाही. मी तिथे बराच वेळ उभी होते, त्या काळात समुद्रातून एवढ्या लांब.

दुपारी वाकायामा लाइनच्या लहान गाडीने गोजोला. नारा जिल्ह्यातली काकी म्हणजे हा भाग. स्टेशनवरून टॅक्सी केली, ड्रायव्हरला फोनवर लिहून दाखवलं, शेतकरी आहोत, बाग बघायची आहे. त्याने एका रस्त्याकडेच्या फळांच्या टपरीपाशी नेलं, मागेच डोंगरउतारावर बाग. मालक सत्तरीचे असतील. ह्यांनी फोनमधले मोहोरलेल्या कलमांचे फोटो दाखवले आणि मग त्या दोघांना भाषेची गरज लागली नाही.

झाडं ठेंगणी, मधून मोकळी, चार पायऱ्यांच्या शिडीवर उभं राहून हात पोचेल एवढीच. छाटणी करून करून तशी ठेवलेली. आपल्याकडे विद्यापीठवाले कधीपासून सांगतायत जुनी कलमं छाटा, पण काळीज होत नाही. काही जातीची काकी झाडावरून काढली की तुरट असते, जीभ आखडते, ती कार्बन डायऑक्साइडमध्ये किंवा दारूच्या वाफेत ठेवतात, मग तुरटपणा जातो. फुयू जात झाडावरच गोड. ह्यांनी विचारलं काढायची वेळ कशी ठरवता, त्यांनी खिशातून रंगाचं कार्ड काढून फळाशेजारी धरलं. रंगाचा नंबर जुळला तरच कात्री. देठ अगदी बुडाशी कापतात, पेटीत शेजारच्या फळाला बोचू नये म्हणून.

निघताना काकूंनी काकीच्या पानात गुंडाळलेली सुशी दिली. आत भाताच्या वडीवर खारवलेल्या बांगड्याची चकती. पान खायचं नसतं, त्याचा वास भातात उतरतो. समुद्र त्या डोंगरापलीकडे, मासा तिकडून खारवून यायचा आणि पान इथलं. माझं माहेर बंदरावरचं आणि सासर बागेतलं, ती सुशी मी सावकाश खाल्ली. त्यांना आंबापोळ्यांच्या उरलेल्या सगळ्या पुड्या दिल्या. २००७ चा आंबा या काकाकाकूंपर्यंत कुठला पोचायला, पण आता पोचला असं वाटलं.

२४ नोव्हेंबर, पावस

१७ ला परत, २० ला मतदान केलं. दोघांचा मिळून खर्च साडेतीन लाखाच्या आसपास, विमान धरून.

बागेत पालवी अजून कोवळी आहे, तुडतुडे दिसायला लागले, उद्यापासून पहिली फवारणी. पण बोलणं चाललंय जाळीचं. माझं म्हणणं, एक कलम तरी मियाझाकीच्या पद्धतीने सोडून बघू. ह्यांचं म्हणणं, हापूस झाडावर जास्त राहिला की साका वाढतो, वरून सोन्यासारखा आणि कापला की आत पांढरा स्पंज, त्यांच्या आंब्याला ती भानगड नसेल, शिवाय त्यांचा आंबा प्लास्टिकच्या घरात, आपला उन्हात. ते बरोबरच आहे. खालच्या तापलेल्या कातळाची धग पण फळाला लागते, म्हणून मी म्हणलं झाडाखाली भाताच्या पेंढ्याचं जाड आच्छादन करू.

शेवटी विहिरीजवळचं कलम ठरलं, त्याच्या फांद्या खाली आहेत. अर्धी फळं नेहमीसारखी झेल्याने, अर्धी जाळीत आपोआप पडेपर्यंत, आणि दोन्हीकडची सगळी कापून साका किती ते मोजायचं. विकायची नाहीत. रंगाचं कार्ड ह्यांना स्वतः करायचंय, मागच्या वर्षीच्या फोटोंवरून चालू केलंय. जाळ्या कांद्याच्या पिशव्या कापून होतील, फक्त फळ अडकेल आणि देठाला ओढ बसणार नाही एवढी दोरी सैल बांधायला हवी.